सासूबाई सगळ्यांना नमस्कार करतात

रायपूरला कधी आलात, तर संध्याकाळी बूढा तालाबवर एक चक्कर मारा. त्याचं सरकारी नाव विवेकानंद सरोवर, पण रिक्षावाल्याला बूढा तालाबच सांगायचं. तिथे ध्यानाला बसलेल्या स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. आजूबाजूला फुगेवाले, भेळवाले, सेल्फी काढणारी कॉलेजची मुलं, आणि या सगळ्या गोंगाटात डोळे मिटून बसलेले स्वामीजी.

मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा सासूबाईंनी मला सगळ्यात आधी इथेच आणलं होतं. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं. रायपूर म्हणजे मला परमुलूखच. खरं तर इथे मराठी माणसं फार जुनी. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि त्यांच्यामागून मराठी कुटुंबं येत राहिली. तात्यापारा नावाची अख्खी वस्ती आहे इथे. पण हे सगळं मला नंतर कळलं, सासूबाईंकडूनच. त्या शाळेत शिकवायच्या, त्यामुळे एखादी जागा दाखवायची म्हणजे आधी तिची गोष्ट सांगायची, हा त्यांचा नियम होता.

त्या दिवशी त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. १८७७ साली कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामासाठी रायपूरला आले आणि मागून त्यांचं कुटुंबही आलं. थोरला मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. शेवटचा टप्पा बैलगाडीचा, जंगलातून, पंधरा दिवसांहून जास्त. वाटेत एके ठिकाणी दोन्ही बाजूंनी डोंगर अगदी जवळ आले होते. तिथल्या एका कड्याच्या मोठ्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारं मधमाश्यांचं प्रचंड पोळं नरेंद्रने पाहिलं. किती वर्षांचं असेल ते? एवढ्याशा माश्यांनी हे कसं उभारलं असेल? विचार करता करता मुलाचं मन ज्याने हे सगळं घडवलं त्याच्यात असं बुडालं, की त्याला भान राहिलं नाही. शुद्धीवर आला तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती.

पुढे १८७९ पर्यंत हे कुटुंब रायपुरात, इथल्या बूढापारा भागात राहिलं. मुलाला घालावी अशी शाळा नव्हती, म्हणून वडिलांनीच त्याला घरी शिकवलं. आमच्या विमानतळालाही आता स्वामीजींचंच नाव आहे.

गोष्ट सुंदरच आहे. पण तुम्हाला खरं सांगू? ती ऐकून मला तेव्हा जरा दडपणच आलं होतं. कारण मला असं कधीच काही झालं नव्हतं. देवावर विश्वास होता, रोजची पूजा होती, चतुर्थीचा उपास होता. पण देव जवळ आहे असं आतून जाणवणं, भान हरपणं? कधी नाही. पूजा करताना निम्मं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असायचं. तुमचंही असंच होतं का? होत असेल, तर पुढचं वाचा. तुम्ही देव मानत नसाल तरीही वाचा, कारण यात देवापेक्षा माणसंच जास्त आहेत.

मी तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, "आई, असं तुम्हाला कधी झालंय का हो?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, मी प्राथमिक शाळेतली बाई. माझं सगळं पाटीवरच्या अक्षरांपासून सुरू होतं."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला बऱ्याच वर्षांनी विनोबांची 'गीता-प्रवचने' वाचताना कळलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. दहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा शाळेचंच उदाहरण घेतात. मुलाला अक्षर शिकवताना आधी मोठं काढून दाखवतात, मग तेच अक्षर लहान. आधी साधी अक्षरं, मग जोडाक्षरं. देव ओळखायला शिकायचं तेही याच क्रमाने. आई, सूर्य, नदी ही मोठी ठळक अक्षरं, ती पहिल्यांदा वाचता येतात. राम हे सोपं अक्षर आणि रावण हे जोडाक्षर. अवघड आहे, पण तेही वाचता आल्याशिवाय वाचन पुरं होत नाही.

म्हणजे नरेंद्रला कड्यात दिसलं ते केवढं मोठं अक्षर होतं बघा. आपल्या घरात असतात ती बारीक अक्षरं, आणि बरीचशी जोडाक्षरं.

दूधवाल्याचा भांचा

रायपूरने मला पहिलं बारीक अक्षर दाखवलं ते आमच्या फाटकापाशी. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं. आमचा दूधवाला तेव्हाच पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. एक दिवस सायकलवर पुढे एका सहा-सात वर्षांच्या पोराला बसवून आला. पोराच्या नाकाला शेंबूड, चड्डीला सेफ्टी पिन. दूध घालून झालं, पोरगं उतरून आमच्या मांजरामागे धावलं, पडलं आणि रडायला लागलं. दूधवाल्याने त्याला उचलून उभं केलं. मग काय केलं असेल? उचलताना आपला पाय त्याला लागला म्हणून वाकून त्याच्या पावलांना हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला.

मी बघतच राहिले. आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो. हे उलटंच!

सासूबाईंनी सांगितलं, तो त्याचा भांचा आहे, बहिणीचा मुलगा. आपण भाचा म्हणतो, इथे त्यावर एक टिंब जास्त. छत्तीसगड म्हणजे जुना दक्षिण कोसल. कौसल्या इथली लेक, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. रायपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर चंदखुरी गावात तलावाच्या मधोमध कौसल्यामातेचं देऊळ आहे, तिच्या मांडीवर बाळ राम आहे. कौसल्या इथली लेक, म्हणून राम साऱ्या छत्तीसगडचा भाचा. आणि म्हणून घराघरातला प्रत्येक भाचा हा राम. मामा-मामी भाच्याच्या पाया पडतात. तो शेंबडा असो, नापास झालेला असो, उधळ्या असो. भाचीलाही तोच मान.

इतिहासात हे कसं बसतं, कौसल्येचं माहेर नेमकं कुठलं, यावर वाद घालता येईल. मला त्यात रस नाही. मला नवल वाटतं ते या युक्तीचं. साऱ्या जगात देव पाहा असं सांगितलं, तर कोणालाच जमत नाही. इथल्या लोकांनी म्हटलं, निदान एका नात्यात तरी पाहा. रोज पाहा, वाकून पाहा. मनात भाव दाटून येवो न येवो, पाठ वाकली पाहिजे. दूधवाल्याला त्या क्षणी काही दिव्य जाणवलं असेल असं मला वाटत नाही. त्याला पुढच्या चार घरी दूध घालायचं होतं. तरीही त्याचा हात आपोआप खाली गेला.

माझ्या माहेरची गोष्टही याच जातीची आहे, फक्त ती मला लहानपणापासून माहीत असल्याने कधी नवलाची वाटली नव्हती. आमच्या माढा तालुक्यातलंच अरण हे सावता माळ्यांचं गाव. तेराव्या शतकातले हे संत. मळ्याचं काम सोडून पंढरीला जायला त्यांना सवड नसे, आणि गरजही वाटली नाही. मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठोबा भेटला. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. अरणला मात्र पंढरपूरहून विठ्ठलाचीच पालखी सावतोबांच्या भेटीला येते. माझी आजी म्हणायची, कामात असलेल्या माणसाकडे देवाने यायचं असतं, माणसाने नाही.

"तुमचं नाव काय, बाई?"

आता जोडाक्षराकडे येते.

चार वर्षांपूर्वी सासूबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, किल्ल्या, गॅस बंद केला की नाही ते. आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालंय, असं होतंच, असं म्हणत एक वर्ष वाया घालवलं. तुमच्या घरी असं काही दिसत असेल तर तेवढं करू नका. डॉक्टरांना लवकर दाखवा. कधी कधी विसरण्यामागे थायरॉइड, ब१२ची कमतरता, एखादं औषध अशी बरी होणारी कारणंही असतात. आमच्या नशिबात ते नव्हतं. तपासण्या झाल्या आणि स्मृतिभ्रंश हा शब्द घरात राहायला आला.

मग त्यांना आठवेनासं झालं, की त्या रायपुरात आहेत. की त्यांचे यजमान गेले. की मला त्यांनी सून म्हणून आणलं.

यातलं सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? एका दुपारी मी जेवायला वाढत होते. वीस वर्षं त्या मला "अगं" म्हणत आल्या होत्या. अगं ये, अगं बस, अगं मीठ कमी पडलंय बघ. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, पुरे. तुम्ही जेवलात का?"

एका अक्षराचा फरक. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि मला देव जाणवला का? अजिबात नाही. मला राग यायचा. रात्री तीन-तीनदा उठायचं, अंथरूण बदलायचं, एकच प्रश्न संध्याकाळभर ऐकायचा, "आमच्या घरी कधी सोडणार?" एकदा दिवेलागणीला मी देवघरात बसले होते. आतून त्यांच्या हाका चालू होत्या. मी ओरडले, "थांबा ना जरा! देवाचं करतेय!" हाका थांबल्या. पाच मिनिटांनी गेले तर त्या पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, साडी ओली, आणि हाताने फरशी पुसत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. "चुकलं हो बाई, रागावू नका."

त्या संध्याकाळनंतर बरेच दिवस मला देवघरात बसवेना. देवाचं करतेय म्हणून मी नेमकं कोणाला थांबवलं होतं, हा प्रश्न तिथे बसला की समोर यायचा.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू होते. त्यांना मठाच्या स्वयंपाकघरात काम दिलं होतं आणि ते काम त्यांना मुळीच आवडायचं नाही. मला हे वाचून किती बरं वाटलं! नाहीतर असल्या गोष्टींत माणसं पहिल्या दिवसापासून आनंदाने भांडी घासत असतात. लॉरेन्स ती नावड लपवत नाहीत. पण पुढे वर्षानुवर्षांच्या सवयीनंतर ते सांगू लागले, की भांड्यांच्या खडखडाटात चार जण चार गोष्टी मागत असताना आणि प्रार्थनेला गुडघे टेकलेले असताना, देव त्यांना सारखाच जवळ असतो. वर्षानुवर्षांच्या सवयीनंतर, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते.

आमच्याकडे घडलं ते असं. सासूबाई सगळ्यांना नमस्कार करायला लागल्या. कोण घरचं, कोण परकं हे कळेना, तेव्हा उगाच कोणाचा अपमान नको म्हणून असेल, पण समोर येईल त्याला हात जोडायच्या. मला, ह्यांना, गॅस सिलिंडर आणणाऱ्या मुलाला, लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसाला, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला. बातम्या देणाऱ्या बाईनेही सुरुवातीला नमस्कार केला की त्या फार खूश व्हायच्या.

हा आजारच आहे. मी त्याला संतपणाचा मुलामा देणार नाही. त्यांचा मेंदू झिजतोय आणि त्यात सुंदर काही नाही. पण विचार करा, एखादं माणूस दिवसातून चाळीस वेळा तुमच्यापुढे हात जोडतंय. किती वेळ तुम्ही हातातलं काम चालू ठेवून नुसती मान हलवाल? पहिले काही दिवस मी तेच केलं. मग एकदा हात पिठाचे असतानाच कोपरापासून जोडले. मग सवय लागली. त्यांनी नमस्कार केला की आपणही थांबून, त्यांच्याकडे बघून नमस्कार करायचा. दोन सेकंद लागतात.

या दोन सेकंदांबद्दलच मला तुम्हाला सांगायचं होतं. ओली साडी बदलण्याआधी नमस्कार होतो, तेव्हा साडी जरा वेगळ्या हाताने बदलली जाते. राग तेव्हाही असतो, पण तो एक पायरी मागे उभा राहतो. दूधवाल्याचा हात भाच्याच्या पावलांकडे का जायचा, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. आधी जाणवेल आणि मग वाकू, असं म्हणत मी वीस वर्षं थांबले होते. इथल्या माणसांनी क्रम उलटा ठेवलाय.

देवघरातली समई मी आता संध्याकाळी त्यांच्या खोलीत नेते. शुभंकरोती तिथेच होते. पुस्तकातला एक शब्द आता त्यांना वाचता येत नाही, पण कापूस हातात दिला की वाती मात्र अजून एकसारख्या वळतात. हातांनी शिकलेलं बरंच मागे राहतं, असं डॉक्टर म्हणाले. आमच्याकडे सध्या डबाभर वाती आहेत. शेजारणी घेऊन जातात.

देव जात्याची दुसरी बाजू धरतो

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण हा लेख वाचून एखाद्या घरात कोणी म्हणेल, बघा, सेवेतच देव आहे, तेव्हा सूनबाई, तुम्ही करत राहा. माझ्याही घरी एका नातेवाइकांनी फोनवर हेच ऐकवलं होतं. घरातल्या बाईलाच देव दिसायला हवा आणि बाकीच्यांनी लांबून धन्य धन्य म्हणायचं, हे काही खरं नाही.

जनाबाईची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती नामदेवांच्या घरी राबणारी. तिच्यासाठी विठोबा येतो आणि काय करतो? तिला आशीर्वाद देऊन निघून जात नाही. तिच्यासमोर बसतो आणि जात्याचा खुंटा धरून दळू लागतो. तिच्याबरोबर गोवऱ्या वेचतो. म्हणजे आपल्या मराठी देवाची ओळखच ही, की तो निम्मं काम उचलतो. तेव्हा ज्यांना माझ्या घरी देव पाहायचा असेल, त्यांनी शनिवारी रात्री यावं आणि मला झोपू द्यावं.

हे मी ह्यांना याच शब्दांत सांगितलं. दोन दिवस गप्प होते. मग आठवड्यातल्या चार रात्रींची पाळी त्यांनी घेतली. पहिल्यांदा आईचं अंथरूण बदलताना त्यांना लाज वाटली, त्यांच्या आईलाही वाटली. सकाळी चहा पिताना ते इतकंच म्हणाले, "आईने मला नमस्कार केला गं." आणि कप तसाच ठेवून अंघोळीला गेले. एक ताईही दिवसा चार तास येतात. सासूबाई त्यांनाही हात जोडतात, आणि त्या छत्तीसगढी बाई उलट त्यांच्या पायांना हात लावतात. रोज सकाळी आमच्या दारात हा असा गोंधळ.

दूधवाला आता थकलाय. सायकल जाऊन मोटारसायकल आली आणि ती चालवत तोच भांचा येतो. मिशा फुटल्यात, कानात इअरफोन असतात. सासूबाई दारात असल्या तर त्यालाही नमस्कार करतात. पहिल्या दिवशी तो गडबडला, आता एक कान मोकळा करून हात जोडतो. मागे बसलेला मामा मान हलवतो. भांच्याला नमस्कार करणारी म्हातारी त्याच्या दृष्टीने अगदी शहाणीच आहे.

सगळे दिवस असे नसतात. गेल्या आठवड्यात मी पुन्हा ओरडले. समई लावायचीही राहिली. पण परवा संध्याकाळी मी खोलीत गेले, तेव्हा त्या वाती वळत बसल्या होत्या. मला पाहून हात जोडले, मीही जोडले. मग शेजारी बसायची खूण करून त्यांनी विचारलं,

"अहो बाई, तुमच्या सासूबाई कुठे असतात?"

मी म्हटलं, "इथेच असतात."

"मग त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "वाती झाल्यात."